संख्या आणि स्वर ह्यांचे उपासक : फादर मारँ मेर्सेन (१५८८–१६४८)

जगभरातील हजारो हौशी गणितप्रेमी आपल्या घरच्या संगणकांवर एका विशिष्ट प्रकारच्या संख्यांचा शोध घेत असतात. ह्या संख्यांना मेर्सेन संख्या असे म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्या प्रकारची जी मूळ संख्या सापडली, ती लिहून काढायची झाल्यास ४,१०,२४,३२० अंक लागतात. ज्यांचे नाव ह्या संख्यांना मिळाले ते मेर्सेन कोणी विद्यापीठातील प्राध्यापक नव्हते, सरदार-दरबारीही नव्हते. ते एका शेतकरी कुटुंबात जन्मलेले, आजन्म मांसाहार वर्ज्य केलेले, पॅरिसमधील मठाच्या खोलीत राहणारे कॅथलिक धर्मगुरू होते. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, ह्या संख्यांसाठी त्यांनी आपल्या लेखनातील फार थोडी पाने खर्च केली. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग गेला तो संगीताच्या अभ्यासात. आपल्या धर्मग्रामांतील क्वायरमध्ये गाणाऱ्या, हार्मोनियम आणि गिटार वाजविणाऱ्या भाविकांना ह्या फादरांची ओळख असावी, असे आम्हांला मनापासून वाटते.

मारँ मेर्सेन ह्यांचा जन्म ८ सप्टेंबर १५८८ रोजी, म्हणजे पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, फ्रान्समधील मेन प्रांतातील वाझे ह्या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची होती, तरीही मुलाची बुद्धी पाहून त्यांना आधी ल माँ येथे आणि मग १६०४ साली येशूसंघीयांनी ला फ्लेश येथे नव्यानेच सुरू केलेल्या महाविद्यालयात धाडण्यात आले. पुढे तत्त्वज्ञानात युगप्रवर्तक ठरलेले रने देकार्त हेही ह्याच संस्थेचे विद्यार्थी. ते मेर्सेनपेक्षा सुमारे आठ वर्षांनी लहान होते, त्यामुळे त्यांची खरी मैत्री जुळली ती मागाहून, पॅरिसमध्ये. ला फ्लेशनंतर मेर्सेन ह्यांनी पॅरिस येथे ईशज्ञानाचे शिक्षण घेतले आणि १६११ साली मिनिम संघात प्रवेश केला.

ह्या संघाविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. इटलीतील कालाब्रिया प्रांतातील पाओला गावचे संत फ्रान्सिस (१४१६–१५०७) ह्यांनी तो स्थापन केला. मिनिम म्हणजे सर्वांत लहान. फ्रान्सिस्कन बंधू स्वतःला लहान म्हणवत असत. संत फ्रान्सिस ऑफ पाओला ह्यांनी आपल्या अनुयायांना त्याहूनही खालची पायरी दिली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ह्या तीन व्रतांच्या जोडीला ह्या संघात चौथे व्रत होते : वर्षाचे बाराही महिने प्रायश्चित्तकाळ पाळण्याचे. मांस, अंडी, दूध, लोणी, चीज ह्यांपैकी काहीही ह्या संन्याशांच्या ताटात येत नसे. धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाल्यावर फादर मेर्सेन ह्यांनी काही वर्षे नव्हेर येथील मठात तत्त्वज्ञान शिकविले आणि १६१९ साली ते पॅरिसला परतले. प्लास रोयालजवळचा मठ हेच त्यानंतर त्यांचे अखेरपर्यंतचे घर झाले.

आरंभीच्या काळातील फादर मेर्सेन हे काहीसे तापट लेखक होते, हे लपविण्याचे कारण नाही. १६२३ साली त्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकावर एक अवाढव्य भाष्य प्रसिद्ध केले. नास्तिक, जादूटोण्याचे पुरस्कर्ते आणि गूढवादी ह्यांच्यावर त्यांत त्यांनी कठोर शब्दांत हल्ला चढविला. एकट्या पॅरिस शहरात ५०,००० नास्तिक असल्याचे त्यांनी त्यांत लिहून टाकले. हा आकडा त्यांनी कशावरून काढला हे कोणालाच पटण्यासारखे नव्हते. मात्र ह्याच भाष्यात त्यांच्या पुढील आयुष्याचे बीज आढळते. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात वीणा आणि बासरी वाजविणाऱ्यांचा मूळपुरुष म्हणून युबालाचा उल्लेख येतो. त्या एका वचनाच्या निमित्ताने फादरांनी प्राचीन इब्री लोकांच्या संगीताची आणि एकंदर संगीतशास्त्राची दीर्घ चर्चा केली. पुढील १३ वर्षांत तिचाच विस्तार होत होत १६३६–३७ साली 'आर्मोनी युनिव्हर्सेल' अर्थात 'वैश्विक सुसंवाद' हा त्यांचा महाग्रंथ सिद्ध झाला. विश्वाची रचना परमेश्वराने माप, संख्या आणि वजन ह्यांनुसार केली आहे, हा शलमोनाच्या ज्ञानग्रंथातील विचार त्यांच्या चिंतनाच्या केंद्रस्थानी होता. मात्र त्या विचारावर ते केवळ प्रवचन देऊन थांबले नाहीत. त्यांनी खरोखरच माप घेतले, संख्या मोजली आणि वजने टांगली.

तार छेडली असता स्वर कशामुळे चढतो किंवा उतरतो, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. तार अर्धी केली की स्वर एक सप्तक वर जातो, हे ग्रीकांच्या काळापासून माहीत होते. ताणाचे गणित वेगळे आहे, हे गॅलिलिओ ह्यांचे वडील विन्चेन्झो गॅलिलेई ह्या संगीतज्ञांनी दाखविले होते. परंतु एका सेकंदात तार प्रत्यक्षात किती वेळा कंप पावते, हे कोणी मोजले नव्हते, कारण एवढी वेगवान कंपने डोळ्यांना दिसत नाहीत. फादर मेर्सेन ह्यांनी ह्यावर साधा पण अफलातून उपाय शोधला. त्यांनी शंभर फुटांहूनही लांब तारा ताणून बांधल्या. एवढी लांब तार इतकी संथ हलते की तिचे हेलकावे उघड्या डोळ्यांनी मोजता येतात. मग तार निम्मी केली, पुन्हा निम्मी केली, वजने वाढविली, जाडी बदलली आणि त्यावरून नियम बसविला. कंपनसंख्या तारेच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते, ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात असते आणि तारेच्या दर फुटाला जे वजन भरते त्याच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे तार तीच ठेवून स्वर एक सप्तक चढवायचा असेल तर ताण दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. गिटारची जाड तार खर्जात का बोलते आणि खुंटी पिळली की स्वर का चढतो, ह्याचे उत्तर ह्या नियमांत आहे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत ते आजही मेर्सेनचे नियम म्हणून ओळखले जातात.

त्यांचा कानही विलक्षण तयार असावा. एकच तार छेडली असता मूळ स्वराबरोबर किमान चार अन्य बारीक स्वर त्यांना ऐकू येत. त्यांत वरचा षड्ज होता, त्याच्या वरचा पंचम होता आणि त्याहून वर गंधारही होता. ज्यांनी जुळलेला तंबोरा जवळून ऐकला आहे त्यांना ह्याचे आश्चर्य वाटणार नाही. आपले गवई ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तोच हा. एकच तार एकाच वेळी अनेक स्वर कशी काय देऊ शकते, ह्या कोड्याने फादर अस्वस्थ झाले आणि त्यांनी आपल्या मित्रांना पत्रांतून हा प्रश्न पुनःपुन्हा विचारला. समाधानकारक उत्तर त्यांच्या हयातीत मिळाले नाही. ध्वनीचा वेगही त्यांनी दोन तऱ्हांनी मोजला. दूरवरच्या बंदुकीचा जाळ दिसणे आणि आवाज ऐकू येणे ह्यांतील अंतरावरून तो सेकंदाला सुमारे ४५० मीटर आला, तर प्रतिध्वनीवरून सुमारे ३२० मीटर. खरा आकडा ३४० च्या आसपास आहे. दोन आकडे जुळत नाहीत हे दिसत असूनही त्यांनी दोन्ही नोंदवून ठेवले, हा त्यांचा प्रामाणिकपणा आम्हांला मोजमापाच्या अचूकतेहून मोलाचा वाटतो.

आता सुरावटीच्या गणिताकडे वळू. संगणकशास्त्राचे अभ्यासक फादर मेर्सेन ह्यांच्याकडे ज्या कारणासाठी वळून पाहतात ते हेच. बेनेडिक्टाइन संन्यासी गीदो दारेत्सो ह्यांनी अकराव्या शतकात रूढ केलेले उत, रे, मी, फा, सोल, ला हे सहा स्वर घ्या. प्रत्येक स्वर एकदाच यावा अशी अट घातल्यास त्यांच्या किती वेगवेगळ्या सुरावटी होतील? पहिल्या जागेसाठी सहा पर्याय, दुसऱ्या जागेसाठी पाच, तिसरीसाठी चार, असे करत ६ × ५ × ४ × ३ × २ × १ = ७२०. फादरांनी हे उत्तर सांगितले आणि त्यापुढे जाऊन त्या ७२० च्या ७२० सुरावटी आपल्या ग्रंथात एकामागून एक छापल्या. दहा सेकंदांत एक ह्या गतीने त्या म्हणायच्या तर बरोबर दोन तास लागतील. आठ स्वरांच्या ४०,३२० सुरावटींची यादीही त्यांनी हस्तलिखित स्वरूपात तयार केली. ती ह्याच गतीने गायची झाल्यास अहोरात्र साडेचार दिवसांहून अधिक वेळ लागेल! तीन सप्तकांतील २२ स्वरांपर्यंतचे कोष्टक त्यांनी दिले. त्यातील शेवटची संख्या २२ अंकी आहे. सेकंदाला १०० कोटी सुरावटी जुळविणारा संगणक कामाला लावला तरी त्या सर्व संपायला ३५ हजारांहून अधिक वर्षे लागतील.

इथे महाराष्ट्रातील एका ग्रंथाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी तेराव्या शतकात शार्ङ्गदेव नावाचे विद्वान होते. राज्याच्या हिशेबाचे काम पाहणाऱ्या ह्या गृहस्थांनी 'संगीतरत्नाकर' रचला आणि सात स्वरांच्या ५,०४० ताना होतात हे सांगून, तानेचा अनुक्रमांक दिला असता ती तान कोणती आणि तान दिली असता तिचा अनुक्रमांक कोणता, हे शोधण्याची खंडमेरू नावाची रीत दिली. आजच्या संगणकाच्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न अभ्यासक्रमात सोडवावा लागतो. आजच्या दौलताबादेत आणि पॅरिसात, चारशे वर्षांच्या अंतराने, परस्परांना न ओळखणाऱ्या दोन माणसांनी स्वर मोजण्यासाठी एकच वाट धरली होती.

परंतु फादर मेर्सेन ह्यांचा हेतू निव्वळ मोजदादीचा नव्हता. सर्व सुरावटी डोळ्यांपुढे आल्या तर त्यांतील सर्वांत सुंदर कोणती, हे नियमाने ठरविता येईल का, हा त्यांचा खरा प्रश्न होता. ज्या स्वरांनी मनुष्याचे मन परमेश्वराकडे वळते ते स्वर शोधून काढता आले, तर प्रार्थनेला केवढा आधार मिळेल! त्यांनी हा प्रश्न देकार्त ह्यांनाही विचारला. देकार्त ह्यांनी १६३० साली कळविलेले उत्तर निराशाजनक होते. त्यांच्या मते कोणती गोष्ट सुंदर वाटावी हे ऐकणाऱ्याच्या स्मृतींवर अवलंबून असते. ज्या कुत्र्याला व्हायोलिन वाजत असताना पाच-सहा वेळा चाबकाचा मार बसला आहे, तो पुढे व्हायोलिन ऐकताच विव्हळत पळ काढील.

फादरांनी तरीही प्रयोग करून पाहिला. हॉलंडमधील हार्लेम येथील योआन अल्बर्ट बान हे कॅथलिक धर्मगुरू संगीतकार होते आणि शब्दांतील भावना नेमकी उमटविणारी चाल बुद्धीच्या नियमांनी रचता येते, असा त्यांचा दावा होता. १६४० साली मेर्सेन ह्यांनी एकच फ्रेंच कविता फादर बान ह्यांच्याकडे आणि फ्रान्सच्या राजदरबारातील नामवंत संगीतकार आंत्वान बोएसे ह्यांच्याकडे दिली. बोएसे नियमांपेक्षा कानावर विसंबणारे होते. पॅरिसकरांनी कौल दिला तो बोएसे ह्यांच्या बाजूने. फ्रेंच गीताला डच मनुष्याने दिलेली चाल फ्रेंच कानांनी पारखावी, हा सामना आम्हांला फारसा समतोल वाटत नाही. तथापि नियम विरुद्ध कान हा वाद तिथे मिटला नाही. मेर्सेन ह्यांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, १६५० साली, रोममधील येशूसंघीय फादर अथानासियुस किर्चर ह्यांनी एका पेटीचे वर्णन छापले. तीतील आकडे लिहिलेल्या पट्ट्या जुळवून संगीत न शिकलेल्यालाही चौपदरी स्तोत्र रचता येईल, अशी तिची योजना होती. आणि १९५७ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात हिलर व आयझॅक्सन ह्यांनी संगणकाकरवी स्वर निवडवून, नियमांत न बसणारे गाळून टाकून, चार तंतुवाद्यांसाठी रचना तयार केली. सगळे पर्याय मांडा, मग चाळणी लावा, ही त्यामागची रीत फादर मेर्सेन ह्यांना अपरिचित वाटली नसती.

हार्मोनियमचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगून टाकू. षड्ज आणि पंचम ह्यांचे प्रमाण ३ ला २ असे आहे. पंचमावरून पुढचा पंचम, असे बारा वेळा चढत गेल्यास सात सप्तके वर मूळ स्वरावर पोहोचायला हवे. पण गणित चुकते. सात सप्तके म्हणजे १२८ पट आणि बारा पंचम म्हणजे सुमारे १२९.७५ पट. हा उरलेला किंचित भाग वाद्य बनविणाऱ्यांना शतकानुशतके छळत आला. सप्तकाचे बारा अगदी समान भाग करणे हा त्यावरील एक तोडगा. चीनमधील राजपुत्र झू झाइयू आणि हॉलंडमधील सिमोन स्टेव्हिन ह्यांनी त्याचे गणित आधी मांडले होते. फादर मेर्सेन ह्यांनी आपल्या ग्रंथात त्याचे आकडे देऊन तो वाद्यकारांपुढे ठेवला. गिटारच्या दांडीवरील पट्ट्या आज ह्याच हिशेबाने बसवितात. ह्या तोडग्यात गंधार जरा चढा राहतो, आणि हार्मोनियमविषयी आपल्या शास्त्रीय गायकांची तक्रार आहे ती त्याचीच. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दार बंद ठेवले होते, त्यामागील कारणांत हेही एक होते.

ज्या संख्यांमुळे त्यांचे नाव टिकले त्यांची कथा १६४४ सालच्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत आहे. ६ ही संख्या १, २ आणि ३ ह्या आपल्या विभाजकांच्या बेरजेइतकी आहे. २८ ही तशीच. अशा संख्यांना परिपूर्ण म्हणतात. परमेश्वराने सृष्टी सहा दिवसांत का निर्माण केली, ह्याचा विचार करताना संत ऑगस्टीन ह्यांनी सहाच्या ह्या परिपूर्णतेकडे लक्ष वेधले होते. दोनचा एखादा घात घेऊन त्यातून एक वजा केला आणि उत्तर मूळ संख्या आले, तर तिच्यापासून परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिडने सिद्ध केले होते. फादर मेर्सेन ह्यांनी २५७ पर्यंतचे असे ११ घात सांगितले. त्यांतील ६७ आणि २५७ हे दोन चुकीचे निघाले. ६१, ८९ आणि १०७ हे तीन त्यांच्या यादीतून निसटले. पण त्यांची चूक पकडायला जगाला दोनशेहून अधिक वर्षे लागली. १९०३ साली न्यूयॉर्क येथील गणितज्ञांच्या सभेत प्राध्यापक कोल ह्यांनी फळ्यावर १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ ह्यांचा गुणाकार करून दाखविला. उत्तर आले दोनचा ६७ वा घात वजा एक. ह्या कामी त्यांचे तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले असे सांगतात. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे तपासायला सारा काळही अपुरा पडेल, असे मेर्सेन ह्यांनी लिहून ठेवले होते. ३० जानेवारी १९५२ रोजी लॉस एंजेलिस येथील एका संगणकाने एकाच रात्रीत ह्या जातीच्या दोन नव्या मूळ संख्या शोधल्या. त्यांतील लहान संख्या १५७ अंकी होती. १९९६ पासून हे काम जगभरचे स्वयंसेवक आपापल्या संगणकांवर वाटून घेऊन करू लागले.

काम वाटून घेणे ही तर फादरांचीच पद्धत. त्या काळी शास्त्रीय नियतकालिके नव्हती. मेर्सेन ह्यांची मठातील खोली हेच युरोपचे टपालघर होते. टुलूझमधील फर्मा ह्यांचा शोध पॅरिसला, पॅरिसची शंका हॉलंडमध्ये देकार्त ह्यांना, देकार्त ह्यांचे उत्तर पुन्हा पॅरिसला, असा व्यवहार त्यांच्या हातून चाले. १६३५ पासून त्यांनी विद्वानांची नियमित बैठक भरविली. एत्येन पास्काल आपल्या किशोरवयीन ब्लेझ ह्या मुलाला तिथे घेऊन येत. गॅलिलिओ ह्यांना १६३३ साली रोममध्ये शिक्षा झाली. पृथ्वी फिरते की नाही ह्या वादात धर्माज्ञा मोडून उडी घेणे हा मेर्सेन ह्यांचा स्वभाव नव्हता. परंतु १६३४ साली त्यांनी गॅलिलिओ ह्यांचे यंत्रशास्त्र फ्रेंचमध्ये आणून छापले आणि १६३९ साली त्यांच्या अखेरच्या ग्रंथाचा सारही प्रसिद्ध केला. नजरकैदेतील वृद्धाचे विचार फ्रान्समध्ये पोहोचले ते ह्या आज्ञाधारक संन्याशामुळे. १६२३ साली शत्रू शोधणारा हा लेखक वीस वर्षांत प्रॉटेस्टंट, संशयवादी आणि कॅथलिक अशा सर्वांचा विश्वासू मित्र झाला होता. हे परिवर्तन कसे घडले ह्याचे आम्हांला सापडलेले उत्तर एवढेच की, ते सतत प्रश्न विचारत राहिले आणि उत्तर देणारा कोण हे त्यांनी पाहिले नाही.

१६४४–४५ साली ते इटलीला गेले. तिथे त्यांना तोरिचेल्ली ह्यांच्या पाऱ्याच्या नळीचा प्रयोग समजला आणि ती वार्ता त्यांनी फ्रान्समध्ये आणली. पर्वतावर चढून गेल्यास नळीतील पारा उतरेल का, हा प्रश्न मग चर्चेत आला. १६४८ च्या उन्हाळ्यात फादर मेर्सेन आजारी पडले. फुप्फुसाजवळ गळू झाले होते. शस्त्रवैद्यांनी चिरा दिल्या, पण गळू त्यांना गवसले नाही. मित्र व सहधर्मगुरू पिएर गासांदी त्यांच्या शय्येशी होते. १ सप्टेंबर १६४८ रोजी, साठावा वाढदिवस आठवड्यावर आला असताना, त्यांनी देह ठेवला. आपल्या दुखण्याचे कारण इतरांना कळावे म्हणून मृत्यूनंतर देह उघडून पाहावा, अशी त्यांची इच्छा होती आणि त्याप्रमाणे करण्यात आले. त्यानंतर अठरा दिवसांनी पास्काल ह्यांच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी प्वी द दोम ह्या पर्वतावर नेली, तेव्हा पारा खरोखरच उतरला होता. मठातील खोली आवरताना ७८ निरनिराळ्या व्यक्तींची पत्रे निघाली. विसाव्या शतकात हा सारा पत्रव्यवहार प्रसिद्ध होत गेला तेव्हा त्याचे १७ खंड झाले.